धूसर पार्श्वभूमीसाठी पहिली लेन्स: ५० मिमी, ८५ मिमी की फोनचा पोर्ट्रेट मोड?

एपीएस-सी (३५ मिमी फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान) सेन्सरचा कॅमेरा आणि त्यासोबत आलेली १८-५५ मिमीची किट लेन्स (मिमीतला हा आकडा म्हणजे फोकल लेन्थ, तो वाढला की दृश्य अरुंद आणि मोठे होते) वापरणाऱ्याला लवकरच एक उणीव जाणवू लागते. चेहऱ्यामागची भिंत, दोरीवर वाळत घातलेले कपडे, रस्त्यावरची गर्दी हे सगळे चेहऱ्याइतकेच ठळक उमटते. ५५ मिमीवर या लेन्सचे अ‍ॅपर्चर एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही, म्हणजे प्रकाश आत येण्याचे छिद्र (फोकल लेन्थ भागिले एफचा आकडा) जेमतेम १० मिमी व्यासाचे असते. ५० मिमी एफ/१.८ लेन्सचे हेच छिद्र सुमारे २८ मिमी, तर ८५ मिमी एफ/१.८ लेन्सचे सुमारे ४७ मिमी भरते. चेहरा चौकटीत तेवढ्याच आकाराचा ठेवला, तर दूरची पार्श्वभूमी किती विरघळेल हे या व्यासावरच ठरते.

फोनचा पोर्ट्रेट मोड आधी बाजूला काढतो. फोनच्या लेन्सची खरी फोकल लेन्थ काही मिलिमीटरच असल्यामुळे आकड्यात एफ/१.८ लिहिलेले असले तरी छिद्र लहानच राहते आणि धूसरपणा नंतर गणिताने तयार करावा लागतो. भरपूर उजेडात तो बराचसा खपून जातो, पण मोकळ्या केसांच्या बटा, चष्म्याची काच आणि नथीच्या मोत्यांमधल्या फटी येथे कडा चुकतात. फोटो फोनवरच पाहायचे असतील तर वेगळा खर्च करण्याची गरज नाही. ज्याला फोकसशी खरोखर प्रयोग करायचे आहेत, त्याला मात्र फोकस नेमका कुठे टाकायचा हे स्वतः ठरवण्याचा सराव यातून फारसा मिळत नाही.

खरी निवड ५० आणि ८५ यांच्यात आहे, आणि येथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. दोन मीटरवरच्या माणसाचा फोटो एफ/१.८ वर घेतला, तर ५० मिमीने स्पष्ट दिसणारा पट्टा सुमारे ११ सेंमीचा मिळतो आणि त्याच जागेवरून ८५ मिमीने तो ४ सेंमीच्याही आत येतो. हे आकडे पाहून ८५ मिमीची डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे हा स्पष्ट पट्टा, नेहमीच उथळ असते असे अनेकजण धरून चालतात. प्रत्यक्षात ८५ मिमीने चेहरा चौकटीत पूर्वीइतकाच ठेवायचा, तर सुमारे ३.४ मीटरपर्यंत मागे सरकावे लागते, आणि तेथून हा पट्टा पुन्हा ११ सेंमीच्याच आसपास भरतो. बदलते ते मागचे दृश्य. ८५ मिमीच्या अरुंद दृश्यकोनात पार्श्वभूमीचा लहानसाच तुकडा येतो आणि तो मोठा होऊन पसरतो. दूरच्या रोषणाईतल्या दिव्यांची वर्तुळे ५० मिमीच्या तुलनेत जवळजवळ पावणेदोनपट मोठी दिसतात. ज्यांना हा पसरट, मऊ बोके (पार्श्वभूमीचा धूसरपणा) हवा आहे त्यांचे समाधान ५० मिमीने पूर्ण होणार नाही, हे मान्य करायला हवे.

परंतु मागे सरकायला जागा कुठे आहे? दहा बाय बाराच्या खोलीची लांब बाजू ३.६६ मीटर भरते. उभा माणूस डोक्यापासून पायापर्यंत घ्यायचा, तर कॅमेरा उभा धरूनही ८५ मिमीला सुमारे सात मीटर लागतात, तर ५० मिमीला चार. घरातली माणसे, बाळ, सण-समारंभ हे ज्याचे विषय आहेत, त्याची ८५ मिमी बहुतेक वेळ बॅगेतच राहील.

खिडकीशी मटार सोलत बसलेल्या आजीचे फोटो मी ५० मिमीने साधारण एक मीटरवरून घेतले होते. एफ/१.८ वर पट्टा जेमतेम पावणेतीन सेंमीचा उरतो. जवळच्या डोळ्याच्या पापण्या एकेक मोजता येत होत्या, पण दुसरा डोळा, कानातली कुडी आणि परातीतले हिरवे दाणे सगळेच विरले होते. एफ/४ वर पट्टा सहा सेंमीपर्यंत गेला, दोन्ही डोळे आले आणि खिडकीचे गज तरीही धूसरच राहिले. मला तो दुसरा फोटो अधिक आजीचा वाटतो. एफ/१.८ ची लेन्स घेणाऱ्याने ती दरवेळी एफ/१.८ वरच चालवावी असे नाही, एफ/२.८ ते एफ/४ या टप्प्यातले प्रयोग मला सर्वांत फलदायी वाटले आहेत. एवढ्या अरुंद पट्ट्यात मधल्या बिंदूने फोकस धरून नंतर चौकट हलवली की डोळा हमखास निसटतो, म्हणून फोकसचा बिंदूच डोळ्यावर नेऊन ठेवावा.

फुलांकडे ओढा असेल तर ५० मिमीमागे २५ मिमीची एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारी पोकळ नळी) लावून विषय सेन्सरवर निम्म्या आकाराचा उमटवता येतो. कास पठारावरच्या सीतेची आसवे या इवल्या फुलासाठी ते पुरेसे आहे, मात्र तेथे एफ/८ वरही पट्टा सुमारे २ मिमीचाच असतो. अ‍ॅपर्चर बॉडीवरून बदलता यावे म्हणून विद्युत जोडणी असलेलीच ट्यूब घ्यावी.

माझा कौल पहिल्या खरेदीसाठी ५० मिमीला आहे. ८५ मिमी मोकळ्या मैदानात किंवा मोठ्या सभागृहात नियमित व्यक्तिचित्रे काढणाऱ्याने घ्यावी. वजनातही फरक आहे: कॅननची ईएफ ५० मिमी एफ/१.८ एसटीएम १६० ग्रॅमची, तर ईएफ ८५ मिमी एफ/१.८ ४२५ ग्रॅमची आहे. निकॉनच्या डी३४०० किंवा डी५६०० सारख्या बॉडीत फोकस मोटर नसल्यामुळे जुन्या एएफ ५० मिमी एफ/१.८डी वर ऑटोफोकस चालत नाही. तेथे लेन्समध्येच मोटर असलेल्या एएफ-एस मालिकेतली १.८जी लागते. वापरलेली लेन्स घेताना टेबलावर तिरकी पट्टी ठेवून मधल्या आकड्यावर फोकस धरावा, एफ/१.८ वर फोटो घ्यावा आणि स्पष्टता त्याच आकड्यावर पडली आहे की त्याच्या पुढेमागे सरकली आहे, हे स्क्रीनवर मोठे करून पाहूनच पैसे द्यावेत.