पहिला बोर्ड कोणता घ्यावा: झीरो २ डब्ल्यू, ऑरेंज पाय झीरो ३ की पिको डब्ल्यू?

पहिले दोन हे एकाच छोट्या बोर्डावरचे कॉम्प्युटर, तिसऱ्याचं शेवटी बोलू. कागदावर ऑरेंज पाय झीरो ३ सरळ जिंकतो. रॅम १ ते ४ जीबी, गिगाबिट इथरनेट, मोठा यूएसबी पोर्ट. रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यूवर रॅम फक्त ५१२ एमबी आणि लॅन पोर्ट नाहीच. तरीही सेन्सर, मोटार, कॅमेरा जोडून काही करून बघायचं असेल तर झीरो २ डब्ल्यूच घ्या.

कारण सॉफ्टवेअर. रास्पबेरी पायवर बोर्डाच्या पिना चालवणारी जीपीआयओ झीरो ही पायथन लायब्ररी थेट चालते. ऑरेंज पायवर पिनांची मांडणी निराळी, लायब्ररीही निराळी; हेडर (पिनांची पट्टी) २६ पिनांचा, त्यामुळे पायवर वरून बसणारे ४० पिनी जोडबोर्ड, म्हणजे हॅट, बसत नाहीत, आणि कॅमेऱ्याचा कनेक्टरही नाही. नवख्याची संध्याकाळ पिना जुळवण्यातच जाते.

पाय-होल (घरभरच्या जाहिराती अडवणारं सॉफ्टवेअर) किंवा छोटा फाइल सर्व्हर चोवीस तास चालवायचा असेल, तर मात्र ऑरेंज पाय उजवा. राउटरला केबल लावली की वाय-फायची कटकट मिटते. फक्त डिस्क यूएसबी २.० वर असल्याने वेग सेकंदाला ३०-४० एमबीच्या आसपासच अडतो.

झीरो २ डब्ल्यूवर लाइट ओएस (डेस्कटॉप नसलेली रास्पबेरी पाय ओएस) टाका. डेस्कटॉप आणि ब्राउझर ५१२ एमबीत गुदमरतात. वाय-फाय आणि एसएसएच (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून बोर्ड चालवायची सोय) यांची माहिती कार्डावर ओएस लिहिणाऱ्या इमेजर या प्रोग्रॅममध्येच भरून ठेवा. बोर्ड नेटवर्कवर दिसत नसेल तर आधी हॉटस्पॉट तपासा, कारण याला फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळतं. मिनी एचडीएमआय अडॅप्टर, यूएसबी साधनं जोडायची ओटीजी केबल, मायक्रो एसडी कार्ड आणि सोल्डर करायचा हेडर हेही बिलात धरा.

दोन्हींच्या पिना ३.३ व्होल्टच्या. एचसी-एसआर०४ हा अंतर मोजणारा सेन्सर मात्र एको पिनवर ५ व्होल्ट देतो. तो थेट जोडला तर पिन जळू शकते. एकोपासून १ किलोओहम, पुढे ग्राउंडपर्यंत २ किलोओहम लावा आणि दोन रेझिस्टरांच्या मधून वायर पिनला न्या.

सगळ्यात जास्त त्रास विजेचा. बारीक केबलमध्ये व्होल्टेज पडतं, बोर्ड मध्येच रीबूट होतो. ५ व्होल्ट, किमान २ अँपिअरचा अडॅप्टर आणि जाड, आखूड केबल हवी. लिहिणं चालू असताना वीज गेली तर कार्डावरची फाइल सिस्टीम बिघडते. लोडशेडिंगच्या गावात रास्पबेरी पायवर रास्पी-कॉन्फिग या सेटिंगच्या प्रोग्रॅममधून ओव्हरले फाइल सिस्टीम चालू करा; तिच्यात सगळं लिखाण रॅममध्येच होतं. मग कार्डावर काहीच लिहिलं जात नाही. पण रीबूटनंतर नोंदीही उरत नाहीत, म्हणून रीडिंग नेटवर्कवरून दुसरीकडे पाठवावी लागतात.

कुंडीतला ओलावा मोजून पंप चालू करायचा, एवढंच काम असेल तर दोन्ही सोडा आणि पिको डब्ल्यू घ्या. रास्पबेरी पायवर अॅनालॉग इनपुट (कमी-जास्त होणारं व्होल्टेज मोजणारी पिन) नसल्याने एमसीपी३००८ ही वेगळी चिप लागते. पिकोवर असे तीन इनपुट आहेत. तो मायक्रोकंट्रोलर आहे: कार्ड नाही, ओएस नाही, वीज आली की प्रोग्रॅम आपोआप सुरू. पंप मात्र पिनवरून थेट चालवू नका. पिनच्या इशाऱ्यावर पंपाची वीज चालू-बंद करणारा मॉसफेट किंवा रिले मॉड्यूल मध्ये हवंच.