हीटपाइपच्या नावाखाली तांब्याचा मुलामा दिलेल्या कांड्या

होम थिएटरच्या संगणकासाठी पंख्याविना थंड राहणारे कॅबिनेट घेताना माझे १४,६५० बुडाले. हे लिहिताना राग येतो आणि त्याहून जास्त लाज वाटते, कारण मी या विषयात नवखा नाही. चित्रपटातल्या शांत प्रसंगात पंख्याची घरघर ऐकू येऊ नये, एवढ्याचसाठी मी वर्षभर वाचत होतो. विक्रेत्याने पाठवलेल्या छायाचित्रांत प्रोसेसरपासून कॅबिनेटच्या बाजूच्या भिंतीपर्यंत जाणाऱ्या सहा हीटपाइप, म्हणजे उष्णता वाहून नेणाऱ्या पोकळ तांब्याच्या नळ्या, स्पष्ट दिसत होत्या. माझा प्रोसेसर ३५ वॉटचा की ६५ वॉटचा, हे त्याने आपणहून विचारले आणि पंखा नसताना भिंतीवरच्या पट्ट्या उभ्या व विरळ का लागतात, हेही बिनचूक सांगितले. इतक्या जाणकारीने बोलणाऱ्यावर कोणीही विश्वास ठेवला असता. ‘थेट खात्यात पैसे भरा, १,५०० कमी करतो,’ असे तो म्हणाला आणि मी भरले. असे कोणी म्हणाले की तिथेच व्यवहार थांबवा.

खोके आले तेव्हा तरी मला कळायला हवे होते. जाहिरातीत वजन ५.८ किलो लिहिलेले होते आणि मी ते खोके एका हाताने सहज उचलून आत आणले. ते हलके असल्याचे जाणवलेही होते, पण आनंदाच्या भरात मी ते मनावर घेतले नाही. नंतर काट्यावर ते ३.१ किलो भरले. जाड भिंतींच्या जागी पातळ पत्रा होता. खोके उघडण्याआधी वजन करा आणि उघडतानाचे चित्रीकरण ठेवा. मी दोन्ही केले नाही.

संगणक त्यात बसवून प्रोसेसरवर पूर्ण भार टाकताच १२ मिनिटांत तो १०० अंशांवर गेला आणि त्याने स्वतःच वेग घटवला. त्या वेळी बाजूची भिंत हाताला कोमटसुद्धा लागत नव्हती, म्हणजे उष्णता तिथवर पोहोचतच नव्हती. मी एक पाइप सोडवून तिचे टोक गरम पाण्यात धरले. खऱ्या हीटपाइपचे दुसरे टोक काही सेकंदांत चटका देते, कारण आतले थोडेसे पाणी कमी दाबामुळे लगेच उकळते आणि वाफ उष्णता पलीकडे नेते. माझ्या हातातले टोक मिनिटभरानेही सहज धरता येत होते. करवतीने कापल्यावर तांबूस मुलाम्याखाली भरीव, पांढरे ॲल्युमिनियम निघाले. सुट्या पाइपच्या वजनावर मात्र विसंबू नका. भरीव ॲल्युमिनियमची कांडी आणि पोकळ तांब्याची पाइप जवळपास सारख्याच भरू शकतात.

बँकेने सांगितले की पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. पोलीस ठाण्यात ‘वस्तू मिळाली ना, मग फसवणूक कसली?’ असे विचारून मला ग्राहक तक्रार कक्षाकडे पाठवले. तिथे पावती मागितली आणि तिच्यावर केवळ ‘धातूचे कॅबिनेट’ असे लिहिलेले असल्याने, धातूचे कॅबिनेट मिळाले आहे, असा शेरा मारला. हीटपाइप आणि कांडी यांतला फरक मी चार वेगवेगळ्या टेबलांवर समजावला. कापलेला तुकडा हातात घेऊन पाहण्याची तसदीही एकाने घेतली नाही. ७३ दिवस झाले. हीटपाइपची संख्या, कॅबिनेटचे वजन आणि किती वॉट झेपतील, हे पावतीवर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. सहावा अर्ज मी काल दिला. त्याला कापलेल्या कांडीचे छायाचित्र आणि ५.८ किलोची ती जाहिरात जोडली आहे.