२४१ किलोंची क्रूझर घरच्या घरी उचलताना: हायड्रॉलिक मोटरसायकल जॅकचे परीक्षण

रॉयल एनफील्ड सुपर मेटिऑर ६५० ही बुटकी, वजनदार क्रूझर मोटरसायकल घरी सजवायला घेतली की पहिली अडचण सुट्या भागांची नसते, गाडी उभी करण्याची असते. पेट्रोल, ऑइल धरून २४१ किलो वजन, बसण्याची उंची जेमतेम ७४० मिलिमीटर आणि कंपनीकडून मिळतो तो केवळ साइड स्टँड. डबल स्टँड नसल्यामुळे चेनला वंगण देण्यासारखे किरकोळ कामही दोघांवाचून होत नाही. एकाने गाडी इंचाइंचाने पुढे ढकलायची आणि दुसऱ्याने चेनमागे बसायचे. मागचे चाक काढणे, शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलणे, स्विंगआर्मच्या (मागचे चाक धरणाऱ्या, वरखाली हलणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगला ग्रीस लावणे ही कामे तर गाडी अधांतरी धरून ठेवल्याशिवाय सुरूच करता येत नाहीत. या गरजेपोटी मी जो हायड्रॉलिक मोटरसायकल जॅक घेतला आणि पुण्यातील आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये वापरला, त्याचे हे परीक्षण आहे. उत्पादकाचे नाव मुद्दाम देत नाही. हाच साचा, हाच रंग आणि हीच चाके वेगवेगळ्या नावांच्या पट्ट्या लावून ऑनलाइन विकली जातात, त्यामुळे पुढील गुणदोष बहुतेक सगळ्यांना लागू पडावेत.

रचना सोपी आहे. लोखंडी चौकटीवर दोन आडव्या भुजा, त्यांवर रबराचे पट्टे, मागे पायाने दाबायचा पंप आणि दाब सोडण्यासाठी दुसरे पेडल. भुजा सर्वांत खाली असताना त्यांची उंची सुमारे ११५ मिलिमीटर भरते आणि पूर्ण वर नेल्यास त्या गुडघ्याच्या आसपास पोहोचतात. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे: क्षमता ६८० किलो. हा आकडा वाचून ग्राहक निश्चिंत होतो, कारण आपली गाडी त्याच्या निम्मीही नाही. माझ्या मते या जाहिरातीतील सर्वांत निरुपयोगी माहिती हीच आहे. वजन पेलले नाही म्हणून जॅक मोडण्याची शक्यता फार थोडी. गाडी जॅकवरून आडवी कलंडण्याची शक्यता मात्र बरीच, आणि त्याविषयी खोक्यावर चकार शब्द नाही. खरेदी करताना पाहायचे ते दोन भुजांमधील अंतर, खालच्या चौकटीची रुंदी आणि गाडी बांधण्याचे पट्टे अडकवण्यासाठी चार कोपऱ्यांत कड्या दिल्या आहेत की नाही, हे. मी घेतलेल्या जॅकची चौकट पुरेशी रुंद आहे आणि कड्याही भक्कम आहेत. या एका गोष्टीसाठी त्याचे इतर बरेच दोष पोटात घालता येतात.

आता गाडीच्या पोटाखालची परिस्थिती. जॅकची कल्पनाच मुळी अशा गाड्यांसाठी आहे की ज्यांच्या इंजिनाखालून फ्रेमच्या, म्हणजे सांगाड्याच्या, दोन समांतर नळ्या जातात. हार्ली-डेव्हिडसनच्या सॉफ्टेल मालिकेत किंवा आपल्याकडच्या इंटरसेप्टर ६५० मध्ये अशा नळ्या आहेत. त्यांवर जॅकच्या भुजा नीट बसतात. सुपर मेटिऑरची फ्रेम वेगळी आहे. वरून एक कणा जातो, इंजिन त्याला खालून टांगलेले असते आणि ते स्वतःच सांगाड्याचा भाग म्हणून भार घेते. त्यामुळे खालून जॅक लावला की त्याच्या भुजा थेट इंजिनाच्या कवचाला भिडतात, आणि दोन्ही बाजूंनी खालून मागे जाणाऱ्या सायलेन्सरच्या नळ्या रुंद भुजांच्या वाटेत येतात. नळ्यांवर भार पडला तर त्या वाकतील किंवा त्यांचे सांधे सैल होतील. उपाय म्हणजे भुजांवर आडवी टाकलेली १८ मिलिमीटर जाडीची प्लायवूडची फळी आणि तिच्यावर, नळ्यांच्या मधोमध मावेल इतक्या रुंदीचा लाकडी ठोकळा. त्यावर रबराची चटई हवी, आणि ठोकळा इंजिनाच्या सपाट भागाखाली, ऑइल काढण्याचा बोल्ट मोकळा राहील अशा बेताने ठेवायला हवा. तो बोल्ट ठोकळ्यावर टेकला तर सगळा भार एका टोकावर येतो आणि कवचाला तडा जाण्याची भीती असते.

इथे मिलिमीटरचे गणित आडवे येते. गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स (जमीन आणि गाडीचे पोट यांतील अंतर) १३५ मिलिमीटर आहे आणि जॅक सर्वांत खाली असताना ११५. उरलेल्या २० मिलिमीटरमध्ये एक प्लायवूड कसेबसे सरकते. वरचा ठोकळा आणि रबर मावत नाही. म्हणून आधी दोन्ही चाके जाड फळ्यांवर चढवून घ्यावी लागतात आणि साइड स्टँडखालीही त्याच जाडीची फळी द्यावी लागते. माहितीपुस्तिकेत याचा उल्लेख नाही. पुस्तिका म्हणजे दोन पानांचा कागद असून त्यावरील इंग्रजी वाचून जॅक जोडण्यापेक्षा चित्राकडे पाहून जोडणे सोपे जाते. कमी उंचीच्या क्रूझरसाठी जॅक घेणाऱ्याने ऑनलाइन पानावरची ‘सर्वांत कमी उंची’ आणि आपल्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स हे दोन आकडे शेजारी लिहून मगच पैसे भरावेत.

प्रत्यक्ष उचलण्याचा अनुभव पंपापुरता उत्तम आहे. पेडल हलके चालते आणि भुजा एकसारख्या वर येतात. जॅक उजव्या बाजूने सरकवावा, कारण डाव्या बाजूला साइड स्टँड आडवा येतो. एका माणसाने गाडी सरळ धरून ठेवायची आणि दुसऱ्याने पंप मारायचा. हे काम एकट्याने करता येते असे विक्रेते सांगतात, मी ते कोणालाही सुचवणार नाही. पुढचा ब्रेक आधी पट्ट्याने आवळून बांधला म्हणजे पुढचे चाक फिरत नाही. नंतर अगदी थोडे उचलून थांबायचे आणि कोणते चाक आधी जमीन सोडते ते पाहायचे. पुढचे आधी सुटले तर जॅक गुरुत्वमध्याच्या पुढे आहे, मागचे आधी सुटले तर तो मागे आहे. मागच्या चाकाचे काम असेल तर जॅक जाणूनबुजून किंचित मागे ठेवावा, जेणेकरून पुढचे चाक जमिनीवरच राहील आणि गाडीला आणखी एक टेकू मिळेल. दोन्ही चाके हवेत नेण्याचा मोह अनेकांना होतो, फोटो झकास येतो. पण तशा अवस्थेत मागचे चाक काढले की मागचे वजन एकदम कमी होते आणि गाडी नाकावर झुकते. उंचीचेही तसेच. चाक काढायला टायर आणि फरशी यांत दोन बोटांचे अंतर पुरते. त्याहून वर नेलेला प्रत्येक सेंटिमीटर गाडी अधिक डगमगती करतो आणि बदल्यात काहीही देत नाही.

गाडी हव्या त्या उंचीवर आली की यांत्रिक खटका लावायचा. ही सोय या जॅकमध्ये आहे आणि ती नसलेला जॅक कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. हायड्रॉलिक तेलाचा दाब तासागणिक हळूहळू उतरू शकतो. रात्रभर अर्धवट सोडलेल्या कामात सकाळी गाडी खाली बसलेली दिसणे म्हणजे सुट्या केलेल्या भागांवर तिचे वजन येणे होय. खटका लागल्यावर भार तेलावर न राहता लोखंडावर येतो. त्रुटी अशी की माझ्या जॅकवर खटक्याच्या खाचा एकमेकींपासून फार दूर आहेत. हवी ती उंची दोन खाचांच्या मध्ये आली तर नाइलाजाने वरच्या खाचेपर्यंत जावे लागते, म्हणजे नुकत्याच सांगितलेल्या तत्त्वाविरुद्ध. ठोकळ्याची जाडी बदलून मी यातून मार्ग काढतो.

सोबत मिळालेले पट्टे मात्र थेट कचऱ्यात टाकण्याच्या लायकीचे आहेत. त्यांची बकले हाताने ओढली तरी सरकतात. मालवाहतुकीसाठी वापरतात तसे रॅचेटचे (दातेरी खटक्याने आवळायचे) दोन चांगले पट्टे वेगळे घ्यावेत आणि ते हँडलवरून न घेता फ्रेमवरून घ्यावेत, कारण हँडल वळते आणि वळले की पट्टा सैल पडतो. दोन्ही बाजूंचा ताण सारखा हवा. एक बाजू आधी पूर्ण आवळली तर आपणच गाडी त्या बाजूला ओढत असतो.

या जॅकवर केलेल्या कामांपैकी सर्वांत मोलाचे ठरले ते मागचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलण्याचे. सुपर मेटिऑरच्या मागच्या सस्पेन्शनला जेमतेम १०१ मिलिमीटर हालचाल आहे आणि आपल्या रस्त्यांवर ती कंबरेला जाणवते, त्यामुळे मालकांच्या यादीत हा बदल बराच वर असतो. मागचे चाक जमिनीपासून सुटले की शॉकवरचा भार उतरतो. मग एका वेळी एकच शॉक काढावा, म्हणजे दुसरा स्विंगआर्मला धरून ठेवतो. दोन्ही एकदम काढायचे असतील तर चाकाखाली फळ्यांची चळत लावावी, अन्यथा स्विंगआर्म चाकासह धाडकन खाली येतो. नव्या शॉकची लांबी मूळ लांबीइतकीच असावी, हा आग्रह निव्वळ सोवळेपणाचा नाही. लांब शॉक लावले तर साइड स्टँडवर गाडी अधिक कलते आणि तिला सरळ करायला जास्त जोर लागतो. आखूड लावले तर ती इतकी सरळ उभी राहते की डावीकडून लागलेल्या हलक्या धक्क्यानेही ती उजवीकडे सहज कोसळू शकते. शिवाय मागे गाडी खाली बसल्यामुळे सायलेन्सर स्पीडब्रेकरवर घासतात. नट आवळताना टॉर्क पाना (ठरावीक जोर मोजून आवळणारा पाना) वापरावा आणि आकडे सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्यावेत. चाक काढले असेल तर एबीएसचा (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) सेन्सर आणि त्याची वायर आधी बाजूला करावी. ती वायर चाकाच्या वजनाने ताणली गेली की दुरुस्तीचा खर्च जॅकच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो.

विंडस्क्रीन, टूरिंग सीट, मागची पाठ टेकण्याची कमान, आरसे, पॅनियर (बाजूला लावायच्या सामानाच्या पेट्या) या गोष्टी साइड स्टँडवरच बसतात. त्यांच्यासाठी जॅक घेण्याचे कारण नाही. कंपनीच्या अधिकृत अ‍ॅक्सेसरीजमध्ये हे सगळे मिळते आणि वॉरंटीचा प्रश्नही उद्भवत नाही. सायलेन्सर बदलण्यासाठी मात्र जॅक विकत घेणाऱ्यांनी आधी कायदा वाचावा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पुण्यात पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवल्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येऊन गेली आहेत. या गाडीचा मूळ आवाज मला तरी पुरेसा गंभीर वाटतो.

जॅकची सर्वांत मोठी उणीव चाकांची आहे. ती लहान आणि कडक असून गुळगुळीत काँक्रीटवर छान पळतात, पण बहुतेक सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये असलेल्या पेव्हर ब्लॉकच्या फटींत अडकतात. गाडी वर असताना चाक अडकले आणि कोणी जॅक ढकलला तर काय होईल हे वेगळे सांगायला नको. जॅकखाली जाड प्लायवूडचा पत्रा टाकून, चाकांचे ब्रेक लावून आणि गाडी वर असताना जॅक अजिबात न हलवता काम करणे हाच मार्ग उरतो. म्हणजे चाके असून नसल्यासारखीच. दाब सोडणारे पेडलही फटकळ आहे. ते पूर्ण दाबले की भुजा झपकन खाली येतात, म्हणून टाचेने थोडे थोडे दाबण्याची सवय हाताशी, खरे तर पायाशी, असावी लागते.

आडवी पडलेली गाडी उचलायला हा जॅक कामाचा नाही, तसा प्रयत्नही करू नये. त्यासाठी जुनी रीतच खरी: इंजिन बंद करावे, पेट्रोल सांडत असल्यास आजूबाजूला विडी-काडी नाही याची खात्री करावी, गाडी गिअरमध्ये टाकावी, उजव्या बाजूला पडली असेल तर साइड स्टँड आधीच उघडून ठेवावा. मग सीटला पाठ लावून बसावे, हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवून त्याचे टोक एका हाताने धरावे, दुसऱ्या हाताने सीटखालची फ्रेम पकडावी आणि पाठ ताठ ठेवून पायांच्या जोरावर लहान पावलांनी मागे सरकत जावे. समोर तोंड करून, कंबरेतून वाकून २४१ किलो उचलायला गेलेला माणूस गाडीआधी स्वतः दुरुस्तीला जातो.

किमतीचे म्हणाल तर मला हा जॅक चौदा हजारांच्या आसपास पडला; रॅचेटचे पट्टे आणि लाकूड वेगळे. ज्यांना फक्त चेनची निगा राखायची आहे आणि वर्षातून एखाद्या वेळी चाक काढायचे आहे, त्यांनी स्विंगआर्मखाली रबरी आधार असलेला मागचा पॅडॉक स्टँड घ्यावा. तो तीन-चार हजारांत येतो, भिंतीला टेकवून ठेवता येतो आणि मागचे चाक सुरक्षितपणे उचलतो. शॉक बदलायचे असतील तर मात्र तो चालत नाही, कारण तो स्विंगआर्मलाच धरतो आणि शॉकवरचा भार उतरतच नाही. इंटरसेप्टरसारखी खाली नळ्या असलेली गाडी ज्यांच्याकडे आहे त्यांना हा जॅक मी पाचपैकी चार गुणांनी सुचवेन. सुपर मेटिऑरसाठी तीनच गुण देतो, आणि तेही सुताराकडून ठोकळे नीट कापून घेण्याची तयारी असेल तरच.