टिंपनी, रोटो, ऑक्टोपॅड की नगारा? बँडसाठी काय घ्यावं

धुळ्याचा एक ड्रमर परवा जळगावला माझ्याकडे आला होता. दोन गिटार, एक बेस आणि हा, असा चौघांचा बँड. कॉलेजच्या स्पर्धांत वाजवतात, अधूनमधून जॅझही करून बघतात. त्याच्या डोक्यात टिंपनी बसली होती, म्हणजे पाश्चात्त्य वाद्यवृंदातलं, ठरावीक सुरात लावायचं भांड्याचं चर्मवाद्य. खाली बसायच्या आतच त्याने विचारलं, "दादा, नगारा आन् टिंपनी एकच शे ना?"

कूळ एकच आहे. अरबी नक्कारा आपल्याकडे नगारा झाला, आणि तेराव्या शतकात धर्मयुद्धांच्या काळात तोच युरोपात पोचला. पंधराव्या शतकात घोड्यावर लादलेले मोठे नगारे तिथल्या दरबारांत दिसू लागले. इथून दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. आपला नगारा नगारखान्यात राहिला, वर्दी द्यायला, आरतीला. तिकडचा वाद्यवृंदात जाऊन बसला आणि त्याच्याकडे सुराचं काम आलं. अठराव्या शतकातल्या बहुतेक सिम्फनींत दोनच टिंपनी असतात: एक सा, दुसरी त्याच्या खालचा प. तानपुरा लावणाऱ्याला यापुढे काही समजावायची गरज नाही.

म्हणून पैशांची गोष्ट काढण्याआधी मी त्याला एवढंच विचारलं: तुला सूर हवाय की गडगडाट? खालची सगळी तुलना या प्रश्नावर उभी आहे.

टिंपनीत सूर कुठून येतो, हे आधी बघू. नुसतं ताणलेलं गोल पान (काठी पडते तो पडदा) वाजवलं तर त्याचे उपस्वर, म्हणजे मूळ सुरासोबत उमटणारे वरचे बारीक सूर, एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून कानाला नक्की सूर लागत नाही. तबला आणि मृदंगात ते जुळवायचं काम शाई करते, सी. व्ही. रामन यांनी १९२० साली हे मांडलं. टिंपनीला शाई नाही. तिथे पानाला लागून हलणाऱ्या हवेचं वजन उपस्वरांना जागेवर आणतं, आणि खालचं बंद भांडं त्याला मदत करतं. मात्र घाव मध्यावर घालायचा नाही. मध्यावर नुसता 'थप्' येतो. काठापासून साधारण चार-पाच बोटं आत फेल्टची काठी पडली की सूर उमलतो. नगारा किंवा संबळ वाजवलेल्या हाताला ही सवय मुद्दाम लावावी लागते. माझ्या हाताला ती लागायला मुंबईतल्या एका तालीमखोलीत तीन दिवस गेले.

दुसरी गोष्ट पेडलची. १८८१ साली ड्रेस्डेनमध्ये कार्ल पिट्रिखने पायाने सूर बदलणाऱ्या टिंपनीचं पेटंट घेतलं. दोन्ही हात वाजवायला मोकळे, आणि वाजता वाजता पाय सूर वरखाली नेतो. घाव घालून पेडल सरकवलं की मींड निघते. संगीतकार बेला बार्टोकने १९३६ सालच्या तंतुवाद्यं, तालवाद्यं आणि सेलेस्टासाठीच्या रचनेत ही मींड वापरली आहे; मंद्रातून वर चढणारा तो आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. बाकी तिन्ही पर्यायांत हे इतक्या सहज होत नाही.

मापं इंचांत सांगतात: ३२, २९, २६, २३. प्रत्येकीचा आरामाचा पल्ला साधारण सा ते प एवढाच. पेटीच्या भाषेत सांगायचं तर २९ची टिंपनी पांढरी चार ते पांढरी एक, २६ची काळी पाच ते पांढरी चार. ३२ची पांढरी दोन ते पांढरी सहा, आणि २३चीही तीच, फक्त एक सप्तक वर. दोनच घ्यायच्या असतील तर २९ आणि २६ घ्या. दोन्ही मिळून एक सप्तक भरतं, आणि बहुतेक गाण्यांना तेवढं पुरतं.

आता इतर तिघं. रोटो, म्हणजे फिरत्या फ्रेमवर पान ताणलेला ड्रम, आपल्या ऑर्केस्ट्रावाल्यांना नवा नाही. गाण्यांच्या कार्यक्रमात ढोलकी, तुंब्याशेजारी तो असतोच. फ्रेम फिरवली की सूर बदलतो, वजन हलकं, रिक्षात मावतो. पण त्याला भांडं नाही. पानाच्या वरची आणि खालची हवा एकमेकीला मारते, म्हणून खर्ज पातळ आणि सूर लवकर विरतो. शिवाय सूर बदलायला एक हात अडकतो. तरी रोटोला कमी लेखू नका. पिंक फ्लॉइड या रॉक बँडच्या १९७३च्या 'टाइम' या गाण्याच्या सुरुवातीला निक मेसन रोटोच वाजवतो, आणि तिथे टिंपनीची उणीव मला तरी कधी जाणवली नाही.

ऑक्टोपॅड हा काठीने वाजवायचा इलेक्ट्रॉनिक पॅड, त्यात टिंपनीचा आवाज तयार मिळतो. सूर हलत नाही, पावसाळा-उन्हाळा नाही, माइक नको. अडचण रोलमध्ये, म्हणजे भराभर आळीपाळीने घातलेल्या घावांत, येते. खऱ्या टिंपनीवर दोन काठ्यांचा रोल म्हणजे एक सलग लाट. पॅडवर तोच रोल मोजून टाकलेल्या ठोक्यांसारखा लागतो. आणि स्पीकर. २९च्या टिंपनीचा सर्वांत खालचा सूर ८७ हर्ट्झच्या आसपास असतो. तो छोट्या मॉनिटरमधून येतच नाही, फक्त काठीचा 'टक्' येतो. मोठे बेस स्पीकर असतील तरच पॅडचा विचार करा. लग्नसराईत आपल्याकडे ते असतात, नाट्यगृहात बऱ्याचदा नसतात.

नगाऱ्याबद्दल मला जास्त बोलावंसं वाटतं, कारण तो आपल्या हाताशी आहे आणि बँडवाली मुलं त्याच्याकडे बघतच नाहीत. भांडं आहे, कातडं आहे, आवाजाला जमीन आहे. सातपुड्यात काठी गावच्या राजवाडी होळीला रात्रभर मोठ्या ढोलांचा दणका ज्याने छातीवर झेललाय, त्याला जाड कातड्याच्या आवाजाची ताकद सांगायला नको. पण नगाऱ्याला नेमका सूर मागू नका. वादीने ताणलेलं कातडं मे महिन्यात, जळगावचा पारा ४४-४५ वर असताना, कोरड्या हवेत चढतं आणि श्रावणात उतरतं. उतरलं की शेकावं लागतं. जुन्या टिंपनींनाही वासराचं कातडं असायचं आणि त्यांनाही हाच त्रास होता. बहुतेकांवर आता प्लास्टिकचं पान असतं, त्याला दमट हवेचं काही वाटत नाही. ऊन आणि स्टेजचे दिवे मात्र त्याचाही सूर हलवतात. अमळनेरला उघड्या मंचावर दुपारी लावलेला सूर संध्याकाळी पहिल्याच गाण्यात बेसशी भांडायला लागला, तेव्हापासून मी दिवे लागल्यावर पुन्हा सूर लावल्याशिवाय काठी उचलत नाही.

आता कोणत्या संगीताला काय.

जॅझमध्ये टिंपनी जुनीच आहे. ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदात सनी ग्रीअरच्या ड्रमसेटभोवती घंटा, गाँग आणि टिंपनी मांडलेल्या असत. १९५६ साली थेलोनियस मंकच्या 'बेम्शा स्विंग'च्या ध्वनिमुद्रणात ड्रमर मॅक्स रोचने ड्रमसेटबरोबर टिंपनीही वाजवली. त्याच वर्षी सन रा याच्या पहिल्या अल्बमसाठी जिम हर्नडन टिंपनीवर होता. रोच काय करतो ते लक्ष देऊन ऐका. तो टिंपनीवर ठेका धरत नाही. वाक्य संपतं तिथे एखादा स्वर टाकतो, उत्तर देतो, सोडून देतो. टिंपनीची आस, म्हणजे घावानंतर रेंगाळणारा नाद, लांब असते, आणि तिचा पट्टा डबल बेसच्याच पट्ट्यात येतो. बेस चालत असताना टिंपनी मोकळी सोडली तर दोघांचा चिखल होतो; तळहाताने पान दाबून आस मारायला शिकणं, हे जॅझमधलं अर्धं काम. इथे दोन पेडल टिंपनी मिळाल्या तर फार छान. नाही मिळाल्या तर रोटो. नगारा जॅझच्या स्वरसंगतीत अडतो, कारण तिथे राग दर चार मात्रांना कूस बदलतो म्हणा ना.

रॉकमध्ये माझं मत उलटं आहे. बीटल्सनी १९६४ साली 'एव्हरी लिटल थिंग'मध्ये टिंपनीचे मोजके ठोके घेतले, लेड झेपेलिनच्या जॉन बोनमच्या सेटशेजारी टिंपनींची जोडी असायची. पण मंचावर गिटारचे अँप चालू असताना टिंपनीच्या माइकमध्ये टिंपनीपेक्षा गिटारच जास्त शिरते, आणि बेस गिटार व किक ड्रम तिचा खालचा पट्टा खाऊन टाकतात. एवढा खर्च करून शेवटी ऐकू येतो तो गडगडाटच. मग तो नगाऱ्याने द्यावा, निदान त्यात स्वतःचा रंग तरी आहे. गाण्याला ठरावीक सूर हवाच असेल तर ऑक्टोपॅड जोडीला.

एकल वादनात मात्र तडजोड नाही. संगीतकार एलियट कार्टरच्या चार टिंपनींसाठीच्या आठ रचना, त्यांतल्या सहा १९५०च्या आणि पेडल लागणाऱ्या दोन १९६६च्या, रोटोवर किंवा पॅडवर वाजवता येत नाहीत. काठीचं उलटं टोक, मध्यावरचा मुका घाव, काठावरचा बारीक नाद, सगळं पानाच्या कातडीवर लिहिलेलं आहे. जोनाथन हास या अमेरिकन वादकाने टिंपनी पुढे आणून जॅझ बँडही चालवला, आणि त्याच्यासाठी संगीतकार फिलिप ग्लासने २००० साली दोन टिंपनीवादकांचा कॉन्चेर्तो, म्हणजे वाद्यवृंदासोबतची मोठी रचना, लिहिला. हे करायचं असेल तर चार पेडल टिंपनी लागतात, आणि चांगला संच कित्येक लाखांत जातो. खानदेशात बसून तो विकत घ्या, असं मी कुणालाही सांगणार नाही. आधी मुंबईला जाऊन सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची मैफल टिंपनीवाल्याच्या बाजूला बसून ऐका. दोन स्वरांच्या मधल्या विरामात तो पानाजवळ कान नेऊन, हळूच गुणगुणत पुढचा सूर लावतो. ते करायची तुम्हाला ओढ वाटते का, हे तिथेच कळेल. वाटली तर शिकण्यासाठी तास भाड्याने मिळवा, वाद्य नंतर.

भांडं तांब्याचं की फायबरग्लासचं, यावर मुलं फार अडतात. तांब्याचा नाद भरीव, खरं आहे. पण टेम्पोतून दर आठवड्याला नेणार असाल तर तांब्याला पोचा पडतो आणि पोच्याने सूर बिघडतो. फिरत्या बँडला फायबर.

धुळ्याच्या मुलाला मी १४, १६ आणि १८ इंची रोटो सांगितले, आणि गावातल्या देवळाजवळच्या नगारेवाल्या आजोबांकडे चार रविवार बसायला. "आन् टिंपनी?" त्याने निघताना विचारलंच. ३२ची टिंपनी म्हणजे ८१ सेंटिमीटर नुसतं पान, वर चौकट वेगळी. त्यांच्या तालमीच्या खोलीचं दार मोजून कळव म्हटलं. संध्याकाळी त्याचा फोन आला: ७५ सेंटिमीटर.