250 की 300: बजेटातली टेलिफोटो झूम निवडताना

कॅमेऱ्यासोबत मिळालेल्या किट लेन्सचा पल्ला अपुरा वाटायला लागला की बहुतेक जण याच चौकात येऊन थबकतात. एका हाताला क्रॉप (फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरसाठीच बनवलेली, हलकी, स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) असलेली 55-250 मिमी. दुसऱ्या हाताला जवळपास तेवढ्याच पैशात मिळणारी, फुल फ्रेमला, म्हणजे 35 मिमी फिल्मएवढ्या सेन्सरलाही चालणारी पण स्टॅबिलायझेशन नसलेली, जुन्या घडणीची 70-300 किंवा 75-300. मी आधी 300 घेतली, दीडेक वर्ष रेटली आणि मग 250 वर आलो. म्हणजे माझा कल कुठे आहे ते इथेच कळलं असेल. तरी 300 वर अन्याय होऊ नये एवढं बघतो.

300 घेणारा पल्ल्यासाठी घेतो, हे उघड आहे. मीही त्याच मोहात पडलो होतो. पण 250 वरून 300 वर गेल्यावर पक्षी लांबी-रुंदीत 1.2 पट मोठा दिसतो, यापलीकडे काही घडत नाही. 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यावर 250 ला काढलेला फोटो 300 एवढा दिसेपर्यंत कापला तरी साडेसोळा मेगापिक्सेल हातात उरतात. शिवाय स्वस्त 300 लेन्सची गंमत अशी, की ज्या टोकासाठी आपण तिला घेतो त्याच टोकाला तिचं चित्र सगळ्यात मऊ, म्हणजे कमी रेखीव असतं. माझ्या लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) 300 ला पूर्ण उघडं ठेवलं की पांढऱ्या पिसांना जांभळी किनार यायची. एफ/8 पर्यंत लहान केलं की चित्र सुधारायचं. भर उन्हात त्याने काही बिघडत नाही, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 200 ला 1/800 सेकंदाचा शटर स्पीड सहज मिळतो. ढग येऊन तीन स्टॉप उजेड गेला (दर स्टॉपला उजेड निम्मा होतो) की मात्र त्याच 1/800 साठी आयएसओ 1600 वर जावं लागतं. 250 मी बिनधास्त एफ/5.6 ला वापरतो. मोजमाप केलेलं नाही, डोळ्यांना जे दिसलं ते सांगतो. तुमच्या हाती आलेला नग वेगळा वागूही शकतो.

स्टॅबिलायझेशनबद्दल सगळे शटर स्पीडचं गणित सांगतात आणि ते खरंच आहे. क्रॉप बॉडीवर 300 हातात धरून वापरायची तर 1/500 च्या खाली जाऊ नये, तीन स्टॉपची मदत मिळाली तर बसलेला पक्षी 1/60 लाही निघतो. धावणाऱ्या पोरांना त्याचा काडीचा उपयोग नाही, तेही खरं. मला पटलेला फायदा वेगळाच आहे. शटर अर्धं दाबलं की व्ह्यूफाइंडरमधली थरथर थांबते. 300 मधून बघताना आपलाच श्वास आणि आपलेच ठोके दिसतात, आणि त्या हिंदकळणाऱ्या चित्रात पक्ष्याच्या डोळ्यावर फोकसचा ठिपका ठेवायचा म्हणजे चालत्या गाडीत सुईत दोरा ओवण्यासारखं. ज्यांच्या कॅमेऱ्याच्या बॉडीतच स्टॅबिलायझेशन आहे आणि व्ह्यूफाइंडरही इलेक्ट्रॉनिक आहे त्यांनी हा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल.

वजनाचं फार मनावर घेऊ नका. कॅननची 55-250 एसटीएम (एसटीएम हे तिच्या फोकस मोटरचं नाव) 375 ग्रॅम भरते, जुन्या 300 त्याहून थोड्या जड असतात. गळ्याला फरक कळतो, निर्णय बदलण्याइतका नाही.

माझा निर्णय बदलला तो डाव्या हातामुळे.

लांब लेन्स पुढून तोलावी लागते, त्यामुळे डाव्या हाताची बोटं आपोआप लेन्सच्या तोंडाशी जातात. माझ्या त्या 300 ची फोकसची रिंग नेमकी तिथेच, तोंडाशी होती आणि ऑटोफोकस चालू असताना ती स्वतः गरगर फिरायची. बोट लागलं की मोटर कण्हायची, फोकस अडायचा. हात मागे घ्यावा तर तो झूमच्या रिंगवर जायचा. 300 ला पूर्ण बाहेर आलेली नळी पुढून जड, ती तोलताना झूम नकळत मागे सरकायचा. घरी येऊन फाइल बघावी तर 300 ची समजून काढलेले निम्मे फोटो 270 चे, 260 चे! म्हणजे ज्या 50 मिमीसाठी 250 नाकारली होती ते मी हाताच्या चाळ्यातच गमावत होतो. मी याला माझ्या हाताचा दोष म्हणून बरेच दिवस सोडून दिलं.

दुसरा त्रास याच रिंगचा. फांद्यांच्या जाळीमागे पक्षी बसला की लेन्स पुढची काडी पकडते, मग तीही सोडते आणि अगदी जवळच्या टोकापासून अनंतापर्यंत एक रपेट मारून येते. अशा वेळी हाताने रिंग जराशी ढकलता आली तर काम एका क्षणात होतं. इथे तशी सोयच नव्हती. आधी लेन्सवरचं बटण मॅन्युअलवर सरकवायचं आणि मगच रिंगला हात लावायचा. तोवर फांदी रिकामी. एकदा ते बटण परत सरकवायला विसरलो आणि भाच्याच्या धावण्याच्या शर्यतीचे सगळेच्या सगळे फोटो धूसर आले. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर ते बरे दिसले होते, हे आणखी वाईट. पुढची काच रिंगबरोबर फिरते म्हणून पोलरायझर (चमक कमी करणारा, फिरवून जुळवायचा फिल्टर) लावलात तर प्रत्येक फोकसनंतर तो नव्याने जुळवा, हे वर.

लेन्स कोणत्या कंपनीची होती ते सांगत बसत नाही. त्या पिढीच्या स्वस्त 300 अनेक कंपन्यांनी याच बेताने बनवल्या, आणि पैसे वाचवायचे तर कुठेतरी कात्री लागणारच. कॅननची 2013 ची एसटीएम 250 इथे वेगळी पडते. फोकस होताना तोंड फिरत नाही, आणि एकदा फोकस लागला की शटर अर्धं दाबून धरून रिंग फिरवता येते, बटणाची भानगड नाही. रिंग मात्र काचा थेट हलवत नाही, मोटरला विजेने हुकूम देते. कॅमेरा बंद असेल तर ती नुसतीच फिरते, आणि स्पर्शाला जुन्या यांत्रिक रिंगची सर नाही. मला ते चालतं. ज्यांचा हात जुन्या लेन्सवर बसलाय त्यांना कदाचित खटकेल.

मधल्या वाटाही आहेत. टॅमरॉनची 2010 ची एसपी 70-300 व्हीसी (व्हीसी म्हणजे त्यांचं स्टॅबिलायझेशन) हे माझं सगळं रडगाणं मिटवते, तोंड फिरत नाही, फोकस चालू असताना रिंगला केव्हाही हात लावता येतो. पण वजन 765 ग्रॅम, आणि पैसेही वरच्या पायरीचे. सोनीच्या माउंटसाठीच्या (माउंट म्हणजे लेन्स बसते ती खाच) नगात स्टॅबिलायझेशन नाही, तिथे ते काम बॉडीवर सोडलंय. निकॉनवाल्यांनी एएफ-पी डीएक्स 70-300 बघावी. ती हलकी, चपळ आणि जवळजवळ मुकी आहे. दोन गोष्टी मात्र तपासाच. एक, तिच्या दोन आवृत्त्या आहेत, व्हीआर (निकॉनचं स्टॅबिलायझेशन) असलेली आणि नसलेली, आणि दिसायला दोघी बहिणी-बहिणी. दोन, डी90 सारख्या जुन्या बॉडीवर ती फोकसच करत नाही.

जुनी 300 कुणी घ्यावी? पुढे फुल फ्रेमवर जायचं नक्की असेल, किंवा त्याच माउंटची फिल्मवाली बॉडी घरात असेल, त्यांनी. क्रॉपसाठी बनवलेली लेन्स तिथे कामाची नाही. सिग्मा आणि टॅमरॉनच्या काही जुन्या 70-300 मध्ये लांबच्या टोकाला 1:2 पर्यंत मॅक्रो मिळतं, म्हणजे वस्तू सेन्सरवर तिच्या निम्म्या आकाराची उमटते. फुलपाखरांचं वेड असेल तर तेवढ्या एका गोष्टीसाठीही मी नाही म्हणणार नाही.

वापरलेली 300 मिळत असेल तर काचेतली धूळ बघण्यात वेळ घालवू नका, थोडी धूळ फोटोत दिसत नाही. कॅमेऱ्यावर लावा, झूम शेवटपर्यंत न्या, नेहमी धरता तशी धरा आणि समोरच्या झाडाच्या आतल्या एखाद्या पानावर फोकस लावून बघा. शटर अर्धं दाबताना डावा हात कुठे आहे, ते बघा.