आवाज झकास, पण कप्पे चुकलेत

पाचपैकी तीन तारे. एक्स्ट्रीम मेटलसाठी, म्हणजे ब्लॅक मेटल, डेथ मेटल अशा मेटल संगीताच्या सगळ्यात जहाल प्रकारांसाठी, वेगळा विभाग आहे म्हणून गाण्यांचं हे ॲप घेतलं, चार महिने रोज वापरतोय. आवाजाबद्दल तक्रार नाही. मी स्वतः ड्रम वाजवतो, त्यामुळे सिम्बल्सचा, म्हणजे झांजांचा, आवाज फाटला की मला आधी कळतं, आणि इथे तो फाटत नाही. माझं भांडण आहे ते संगीताचा प्रकार सांगणाऱ्या लेबलांशी.

ॲप लेबल लावतं ते बँडला, अल्बमला नाही. एकदा बँड कप्प्यात गेला की त्याचं सगळं आयुष्य त्याच कप्प्यात. डार्कथ्रोन हा बँड ब्लॅक मेटलमध्ये टाकलाय, ठीक. पण शफल लावलं आणि आला 'सोलसाइड जर्नी'! १९९१चा अल्बम, स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओतला. एन्टूम्ड्‌चा 'लेफ्ट हँड पाथ' हा डेथ मेटल अल्बम जिथे झाला तोच स्टुडिओ. पोटातून येणारी गुरगुर, सतत वळणं घेणारे रिफ, म्हणजे गिटारचे पुन्हा पुन्हा येणारे तुकडे. डेथ मेटल नाही तर काय हे?

पुढच्याच वर्षी त्यांचा 'अ ब्लेझ इन द नॉर्दर्न स्काय' आला. त्यात गळा खरवडून काढलेला आवाज आणि गांधीलमाश्यांच्या पोळ्यासारखी गिटार. हा ब्लॅक मेटल, वाद नाही. म्हणजे वाद आहेच, माझ्या धाकट्या भावाशी. मी म्हणतो, कान देऊन ऐक, यातले काही रिफ अजून डेथचेच आहेत, जुन्या घरातलं सामान नव्या घरात आणावं तसे. तो म्हणतो, तू वाजवणारा आहेस म्हणून तुला सामान दिसतं, ऐकणाऱ्याला घर दिसतं. यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

ब्लॅक की डेथ हे नुसत्या ब्लास्ट बीटवरून, म्हणजे ड्रमच्या अतिवेगवान सलग माऱ्यावरून, ठरवायला जाल तर फसाल, तो दोन्हीकडे असतो. मी त्याच्यावर गिटार काय करतेय ते बघतो. ब्लॅकमध्ये बहुतेक वेळा ट्रेमोलोने, म्हणजे तार भराभर छेडत, तेच ते सूर लांबवर ताणलेले असतात आणि खाली ड्रम एकसारखा पावसासारखा पडत राहतो. डेथमध्ये गिटार थांबते, तळव्याने तारा दाबते, तुटक मारा करते, आणि ड्रमरला प्रत्येक वळणावर तिच्याबरोबर वळावं लागतं. ब्लॅक वाजवून हात भरून येतात, डेथ वाजवून डोकं. अपवाद ढीगभर आहेत, माहीत आहे.

व्हेनम या बँडचा १९८२चा 'ब्लॅक मेटल' ॲपने ब्लॅकमध्ये ठेवलाय, त्याला माझी हरकत नाही. ऐकायला तो स्पीड मेटलच्या जवळचा, पण या प्रकाराचं बारसं त्यानेच केलंय. कार्कस या बँडचं मात्र पटत नाही. १९८८चा 'रीक ऑफ प्युट्रिफॅक्शन' ग्राइंडकोर, म्हणजे पंक आणि मेटल मिसळलेला कर्कश, तुफान वेगाचा प्रकार, हे बरोबर. पण १९९३चा 'हार्टवर्क' त्याच कप्प्यात? एवढ्या सुरेल गिटारी ऐकून नव्याने आलेला माणूस ग्राइंडकोर म्हणजे हेच समजेल आणि पुढच्या गाण्याला हेडफोन फेकून देईल.

अभिप्रायाच्या चौकटीत सविस्तर लिहिलं, की लेबल अल्बमनिहाय द्या. उत्तर आलं, 'रॉक संगीतावरील तुमच्या प्रेमाबद्दल आभार.'

'एन्सायक्लोपीडिया मेटलम' ही साइट २००२पासून आहे. तिथेही लेबल बँडलाच लागतं, पण शेजारी सुरुवातीचं काय, नंतरचं काय हे लिहिलेलं असतं. एवढं जरी ॲपने केलं तरी मी चौथा तारा देईन. तोवर माझ्या याद्या मीच करतोय. एकीचं नाव 'गुरगुर', दुसरीचं 'किंचाळी', आणि भावाशी मिटत नाही ते सगळं 'नंतर बघू'मध्ये. तिसरी यादी सगळ्यात लांब झालीय.

घेणार असाल तर क्रॉसफेड, म्हणजे एक गाणं संपता संपता पुढचं त्यात मिसळणं, आधी बंद करा. माझ्याकडे तो पाच सेकंदांवर होता. नेपाम डेथ या बँडच्या 'स्कम' अल्बममधलं 'यू सफर' जेमतेम सव्वा सेकंदाचं. तीन आठवडे मी समजत होतो की ते गाणं ॲपवर नाहीच.