१० बाय १५ च्या हॉलमध्ये ५.१ : डेमोत ऐकलेलं घरी किती टिकलं (११ महिन्यांचा अनुभव)

आधी सेट सांगतो. ५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर असलेलं होम थिएटर. पुढे दोन बुकशेल्फ, मध्ये सेंटर (संवाद मुख्यतः यातूनच येतात), मागे दोन छोटे सराउंड, १० इंची बंद पेटीचा सबवूफर (फक्त खर्ज, म्हणजे बास, वाजवणारा; पुढे नुसतं ‘सब’) आणि या सगळ्यांना आवाज पुरवणारा सात चॅनेलचा रिसीव्हर (पाचच वापरात). हॉल १० फूट रुंद, १५ फूट लांब, छत साडेनऊ फुटांवर. खाली विट्रिफाइड टाइल्स, एका टोकाला भिंतभर स्लायडिंग खिडकी, दुसऱ्या टोकाला भिंतीला टेकलेला सोफा. मुंबईतल्या टू बीएचकेचा हॉल साधारण असाच असतो. वापर रोजचा, मध्ये एक अख्खा पावसाळा गेला. घेण्याआधी चार डेमो रूम पालथ्या घातल्या होत्या. कंपन्यांची नावं देत नाही, कारण या ११ महिन्यांत जे कळलं ते कुठल्याही कंपनीच्या सेटला लागू आहे: डेमोत माणसांच्या आवाजाबद्दल जे मत झालं ते घरी जसंच्या तसं टिकलं. खर्जाबद्दल झालेलं एकही मत टिकलं नाही.

त्यामुळे डेमोचा वेळ संवाद ऐकण्यात घालवा. स्फोट, विमानं, पाऊस हे सगळं दुकानदार स्वतःहून ऐकवतोच, आणि ते कुठल्याही सेटवर भारी वाटतं. आपल्या घरातल्या कुणाचं तरी दोन मिनिटांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करा, पेन ड्राइव्हवर घ्या आणि फक्त सेंटर चालू ठेवून लावा. रोज ऐकतो तो आवाज नाकातून येतोय, छातीतून जास्त घुमतोय की ‘स’ आणि ‘श’ टोचतायत, हे लगेच कळतं. दुसरी परीक्षा तानपुऱ्याची. जवारी, म्हणजे तारेचा भरीव गुंजणारा नाद, नीट उलगडली पाहिजे. नुसती झिणझिण ऐकू आली तर वरची पट्टी उचललेली आहे. अशा स्पीकरचा डेमो दहा मिनिटं चमकदार वाटतो आणि घरी टाइल्स आणि काचा त्यात भर घालतात. टाळी वाजवून पाहा, मोकळ्या हॉलमध्ये ती टणटणते. डेमो रूममध्ये जाड गालिचा आणि भिंतींना पॅनेल असतात, तिथे टाळी जागच्या जागी मरते.

सेंटर ऐकताना सोफ्याच्या मधोमध बसून निर्णय घेऊ नका. आडव्या सेंटरमध्ये बहुतेक वेळा मध्ये ट्वीटर (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) आणि दोन्ही बाजूंना एकेक वूफर (जाड आवाजाचा मोठा स्पीकर) असतो. बाजूला बसलेल्या माणसाच्या कानापर्यंत त्या दोन वूफरचे आवाज थोडे मागेपुढे पोहोचतात, मधल्या पट्टीत एकमेकांना खातात आणि बोलणं पोकळ होतं. तीन माणसांच्या सोफ्यावर कडेला कुणीतरी बसणारच. सेंटरमध्ये ट्वीटर आणि मधल्या पट्टीचा छोटा मिडरेंज स्पीकर एकावर एक उभे बसवलेले असतील तर हा दोष खूप कमी जाणवतो. आम्ही तसाच घेतला, थोडे पैसे जास्त गेले, आणि या सेटमधला तो सर्वात योग्य खर्च ठरला.

दोन सेटची तुलना करायची तर आवाजाची पातळी समान करून घ्या, नाहीतर तुलनेला अर्थ नाही. एका स्पीकरची सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच विजेवर तो किती मोठा वाजतो ते) ८६ डेसिबल आणि दुसऱ्याची ९० असेल, तर नॉब त्याच आकड्यावर असताना दुसरा ४ डेसिबलने मोठा वाजतो आणि कान मोठ्या आवाजालाच चांगला आवाज समजतात. डेसिबलभराचा फरक असला तरी तो मोठा म्हणून न जाणवता ‘जास्त खुला’, ‘जास्त जिवंत’ असा जाणवतो. रिसीव्हरचा टेस्ट टोन लावायचा, फोनवरचं साउंड मीटर कानाच्या उंचीवर धरायचं आणि दोन्ही सेट ७५ वर आणायचे. फोनचा आकडा अचूक नसला तरी चालतो, कारण फक्त दोघांतला फरक मोजायचाय. त्यासाठी पाच मिनिटं मागितली की काही विक्रेते कुरकुरतात. मागाच.

वॅटच्या आकड्यांवर फार वेळ घालवायची गरज नाही, पण खालची बारीक ओळ वाचा. खोक्यावर मोठ्या अक्षरात १५० वॅट आणि खाली ‘६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १०% विकृती, एक चॅनेल’ असं लिहिलेलं असेल तर तो आकडा सोडून द्या. ‘८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ०.०८%, दोन चॅनेल’ असं असेल तर ७०-८० वॅट एवढ्या हॉलला भरपूर. ५० वरून १०० वॅटवर गेलात तरी वाढतात फक्त ३ डेसिबल.

आता खर्ज, म्हणजे या सगळ्या खरेदीतला खरा कठीण भाग.

खोलीच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ठरावीक कंपनसंख्येचा आवाज अडकून फुगतो. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४६ मीटर धरा आणि त्याला अंतराच्या दुपटीने भागा. आमच्या हॉलची लांबी ३८ हर्ट्झला घुमते, रुंदी ५७ ला आणि उंची ६० ला. रुंदी आणि उंची जवळजवळ सारखी असल्यामुळे दोन घुमारे एकाच जागी येऊन बसतात. परिणाम असा की कोपऱ्यात ठेवलेला सब कुठल्याही खर्जाला एकच ‘हूं’ असं उत्तर देतो. डेमो रूमची मापं वेगळी, तिचे घुमारे वेगळे. तिथला ‘दमदार बास’ घरी येत नाही, येतो तो आपल्याच भिंतींचा.

हे तपासायला डग्ग्याचं रेकॉर्डिंग लावा. मनगटाने दाब देत वादक सूर खालून वर ओढतो, ती मींड साधारण त्याच पट्टीत असते जिथे सब संपून स्पीकर सुरू होतो. सब नीट बसला असेल तर सूर अखंड चढत जातो. नसेल तर मध्येच एका जागी तो फुगतो, मग दबतो आणि पुन्हा वर येतो. महागडा मायक्रोफोन नसेल तर याहून सोपी परीक्षा मला माहीत नाही.

जागा शोधायची पद्धत उलटी आहे. सब सोफ्यावर, बसायच्या जागी ठेवायचा, डग्गा चालू ठेवायचा आणि आपण हातापायांवर रांगत कान जमिनीजवळ ठेवून भिंतीकडेने फिरायचं. जिथे मींड सलग ऐकू येईल, ती सबची जागा. आमच्याकडे ती टीव्ही युनिटच्या शेजारी, रुंदीच्या जवळजवळ मध्यावर निघाली. त्याला कारण आहे: रुंदीच्या पहिल्या घुमाऱ्याचा दाब मधोमध शून्य असतो, तिथून सब त्याला उचलतच नाही. आवाज मोजताना कमी झाला, ऐकताना साफ झाला. ३८ चा घुमारा मात्र सोफा मागच्या भिंतीला चिकटलेला असल्यामुळे राहिला. सोफा फूटभर पुढे ओढला तरी तो थोडासाच उतरतो, आणि मग बाल्कनीकडे जायची वाट अडते. सोफा सध्या सात इंच पुढे आहे.

ऑटो कॅलिब्रेशन (रिसीव्हर माइकने मोजून स्पीकर स्वतः जुळवतो ते) जागा ठरल्यावरच करा. पंखा, एसी, फ्रिज बंद. माइक उशीवर नव्हे, ट्रायपॉडवर कानाच्या उंचीला, आणि सगळ्या मोजण्या मुख्य जागेच्या दोनेक फुटांत. रिसीव्हरने पुढचे स्पीकर ‘लार्ज’ (खर्ज स्वतःच वाजवणारे) ठरवले असतील तर हाताने ‘स्मॉल’ करा आणि क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज सबकडे जातो ती हद्द, ८० हर्ट्झ ठेवा. सबच्या मागचा स्वतःचा क्रॉसओव्हर नॉब पूर्ण वर, नाहीतर दोन गाळण्या एकावर एक बसतात. सबचं अंतर खऱ्यापेक्षा तीन-चार फूट जास्त दाखवेल. त्याला हात लावू नका, सबच्या आतल्या सर्किटमध्ये होणारा उशीर त्यात धरलेला असतो. सबची पातळी उणे १२ वर जाऊन अडकली असेल तर सबचाच आवाज कमी करून मोजणी पुन्हा करा.

वायर लॅमिंग्टन रोडवर स्वस्त मिळते, पण ब्लेडने एक तार खरवडून पाहा. आतून चंदेरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची आहे. सराउंडपर्यंत आमची वायर आठ मीटर जाते, तिथे १४ गेजचं शुद्ध तांबं टाकलं. पावसाळ्यात उघडी टोकं काळी-हिरवी पडतात. एका सराउंडमधून जुलैत खरखर यायला लागली ती यामुळेच. टोकं नवी सोलून बनाना प्लग घट्ट कसल्यावर थांबली. स्टँड आणि सबच्या खाली रबरी पाय हवेतच, कारण रोज लादी पुसताना ओलं फडकं खाली लागतं आणि एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) एकदा फुगलं की ते बसत नाही. स्पीकरच्या जाळ्या महिन्याला काढून कोरड्या ब्रशने झाडल्या तर बुरशी धरत नाही.

सुरुवातीला सबमधून बारीक पण सतत घूं येत होतं. सब बदलून घ्यायच्या आधी सेट-टॉप बॉक्सला येणारी केबलची वायर काढून पाहा. ती काढताच आवाज थांबला, तर दोष सबचा नाही. केबलचं आणि घरचं अर्थिंग वेगळं असल्यामुळे त्यातून ५० हर्ट्झचा प्रवाह फिरतोय. केबलच्या वायरवर आयसोलेटर लावल्यावर आमच्याकडचा आवाज गेला.

शेजाऱ्यांबद्दल मनापासून सांगावंसं वाटतं. ध्वनी प्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. पण ती ‘ए’ वेटिंगने (खर्जाला कमी वजन देणाऱ्या पद्धतीने) मोजतात आणि त्या मोजणीत ५० हर्ट्झचा आवाज सुमारे ३० डेसिबल कमी दिसतो. मीटर शांत दिसतं आणि खालच्यांच्या घरात कपाटाची काच वाजते. सबखाली जाड फोमचं पॅड घातल्याने आपल्या लादीची थरथर कमी होते, हवेतून स्लॅबला बसणारा दणका थांबत नाही. रात्री दहानंतर सब ६ डेसिबलने खाली आणि नाईट मोड चालू, एवढं केलं तर कुजबुज ऐकू येते आणि स्फोट दबतात. सेट लावल्यावर एकदा खालच्या घरी जाऊन, वर नेहमीच्या आवाजात सिनेमा चालू ठेवून, त्यांच्या बेडरूममध्ये उभं राहून ऐका. आमची रात्रीची पातळी तिथेच ठरली.

खरेदी करताना सबचं घरी डेमो देणार का आणि बदलून मिळणार का, हे पैसे देण्याआधी बिलावर लिहून घ्या. आमच्या विक्रेत्याने तोंडी होकार दिला होता आणि नंतर खोकं उघडल्याचं कारण पुढे केलं. मागच्या लेबलवर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आणि भारतातली वॉरंटी दोन्ही बघा. स्पीकर डेमोवरून घ्या, सब मात्र घरी लावून, डग्गा ऐकूनच.